माप माझे, वाट मावशींची

मित्रांनो, मी एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तके वाहणारी जुनी लाकडी गाडी आहे. तीन फळ्या, चार चाके आणि ढकलायला एक दांडा, एवढाच माझा संसार. आज सकाळपासून माझ्या वरच्या फळीवर एकच पुस्तक आहे. पण मला हलके वाटते आहे ते त्यामुळे नव्हे. वर्षभर एक ओझे माझ्या मनावर होते आणि ते काल उतरले. कसे चढले नि कसे उतरले, ते सांगते. घाई नको. मी कधीच घाईने चालत नाही.

जन्माने मी गाडी नव्हे, दार आहे. फार वर्षांपूर्वी वाचनाची खोली मोठी करायची म्हणून एक भिंत पाडली. भिंत गेल्यावर तिच्यातले दार उघडे पडले. ना इकडचे, ना तिकडचे. ते सरपणात जाणार होते. सुतार ते उलटसुलट करून बघत राहिला आणि म्हणाला, "बिचारं जन्मभर एका जागी उभं राहिलं. आता जरा फिरू दे की." त्याने दाराच्या फळ्या कापल्या, रंधा मारला, खिळे न ठोकता सांधे जुळवले. माझ्या मधल्या फळीवर कडीची खूण अजून आहे. हात फिरवलात तर बोटाला लागेल.

चाके लोहाराकडून आली. तीन शहाणी निघाली. पुढचे डावे मात्र जन्मजात कुरकुरे. सुतार जाताना सांगून गेला, "चाक बोललं तर ते तेल मागतंय. गप्प बसलं तर काळजी करा."

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी परत आलेली पुस्तके गोळा करायची, कपाटाकपाटापाशी थांबायचे, ज्याचे त्याला घरी पोहोचवायचे. मला ढकलायचे शिपाईकाका. त्यांचे हात दांड्याला इतके सरावले होते, की वळणावर मला वळवावे लागत नसे, मीच वळते आहे असे वाटे. एकदा पाहुणे आले तेव्हा ग्रंथपाल साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दोनशे पुस्तकं एका वेळी नेते आणि आजवर एकही पाडलं नाही." मित्रांनो, मी लाकडाची असले तरी कौतुक कुणाला आवडत नाही? तो दिवस मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून आठवला.

पण माझी सगळ्यात आवडती फेरी मागच्या खोलीची. तिथे टाकेमावशी बसत. त्यांचे खरे नाव हजेरीच्या वहीत असेल. फाटलेल्या पुस्तकांना त्या टाके घालत, म्हणून त्या टाकेमावशी. टेबलावर खळीची वाटी, रुंद कुंचला, मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ आणि एक जाड सुई. मी दारात पोचले की त्या मान वर न करता विचारत, "आणलेस का गं आजचे पेशंट?" मग एकेक पुस्तक हातात घेऊन तपासत. "याची पाठ गेली. याला ताप आहे, म्हणजे भिजलंय. आणि हे बघ, याचे कोपरे उंदरानं नाही, माणसानं खाल्लेत."

माझे कुरकुरे चाक त्यांना दुरूनच ऐकू येई. त्या म्हणत, "आल्या सासूबाई." मग तेलाच्या दोन थेंबांनी सासूबाईंची समजूत घालत. टाके घालताना गुणगुणतही असत. सूर साधाच, सुईच्या चालीवर चालणारा.

*सुई जाते पुढं पुढं, दोरा येतो मागं,*
*फाटक्या पानाला बाई, माझा जीव लागं.*

अशी सव्वीस वर्षे गेली. मग एका सकाळी मी पेशंट घेऊन गेले आणि मागची खोली बंद होती. मावशी आजारी पडल्या होत्या. त्या आजारातून उठल्या, पण पाय काही उठले नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसावे लागले. टेबलावर झाडांविषयीचे एक जाड पुस्तक अर्धे शिवलेले तसेच पडून राहिले. त्याच्या चौदा घड्यांपैकी नऊ शिवून झाल्या होत्या. दहावीत सुई टोचलेली होती, जणू बाई पाणी प्यायला उठल्या आहेत नि आत्ता येतील.

आमच्या वाचनालयाच्या दारापुढे पाच पायऱ्या आहेत. मी जन्मभर आतच फिरले, म्हणून त्या पायऱ्या म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हते. बऱ्या झाल्यावर मावशी पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी कळले. शिपाईकाका आणि पहारेकरी दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. एक बाजू वर, एक बाजू खाली. तिसऱ्या पायरीवर मावशींची चप्पल पायातून निसटली आणि गडगडत रस्त्यापर्यंत गेली. रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. कुणी म्हणाले, "अरे, सांभाळून, सांभाळून." मावशींनी डोळे मिटून घेतले होते. आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता खाली ठेवा मला. गठ्ठा उचलावा तसं उचललंत. मी गठ्ठा नाहीये." कुणाचाच दोष नव्हता. त्या दिवशी त्या मागच्या खोलीपर्यंतही गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या यायच्या, पण पायऱ्यांच्या खालीच थांबायच्या. त्यांची सून वर येई, पुस्तके घेई आणि खाली नेऊन दाखवी. मी तेव्हा दाराजवळ उभी असे, म्हणून सगळे कानावर पडे.

"आई, हे बघा. छान दिसतंय."

"अगं, दिसायला छानच असतं. सव्वीस वर्षं मीच चिकटवलीत ती कव्हरं. मला कव्हराचं कौतुक सांगू नकोस."

"मग कुठलं आणू?"

"ते हाताला लागल्यावर कळतं बाई. डावीकडच्या तिसऱ्या कपाटात खालून दुसरा कप्पा. तिथं बोट फिरवत जायचं."

"तुमचं बोट मी कसं फिरवू?"

"तेच तर म्हणते."

सून पुन्हा वर. पुन्हा खाली. चौथ्या खेपेला ती मधल्या पायरीवरच बसली नि म्हणाली, "आई, वाचन तुमचं होतंय, व्यायाम माझा होतोय." दोघी हसल्या. पण सून पुस्तके परत द्यायला वळली, तेव्हा मावशी इमारतीच्या कडेला दिसणाऱ्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीला धूळ होती.

एक दिवस ग्रंथपाल साहेब स्वतः पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले. "मावशी, खरं सांगतो. समितीनं ठरवलंय. वर्षभरात त्या खोलीत कुणी बसलं नाही, तर फाटकी पुस्तकं रद्दीत जातील आणि खोलीत जादा खुर्च्या ठेवतील. तुम्ही परत कामाला याल का?"

मावशींचा हात खुर्चीच्या चाकावर घट्ट झाला. "माझं झाडांचं पुस्तक आहे अजून?"

"आहे तसंच आहे. सुईसकट."

"मग येते. पण अट आहे. मला कुणी उचलायचं नाही आणि कुणी ढकलायचं नाही. माझी मी येईन, माझी मी जाईन."

"उतार बांधतो. शब्द दिला," साहेब म्हणाले. माणूस चांगला. पण घाईत त्यांनी अटीचा पहिला अर्धाच भाग ऐकला. दुसरा पायऱ्यांवरच राहिला.

आणि आता मित्रांनो, माझ्या चुकीची गोष्ट येते.

गवंडी आला. त्याने विचारले, "किती लांब घेऊ? चढ किती ठेवू?" साहेबांनी इकडे तिकडे बघितले. वाचनालयातल्या माणसांना जगातली सगळी वजने पुस्तकांत मोजायची सवय. त्यांची नजर माझ्यावर पडली. "ही गाडी चढली पाहिजे," ते म्हणाले. "दोनशे पुस्तकं असतात हिच्यावर. मावशींचं वजन त्यापुढे काहीच नाही. ही चढली की त्या चढल्याच."

मला बाहेर नेले. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले. गवंड्याने माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, चाकांमधले अंतर मोजले आणि भिंतीवर खडूने लिहिले. मी काय सांगू, मी फुगले होते. सबंध इमारतीत कपाटे होती, टेबले होती, घड्याळ होते. पण माप घेतले ते माझे.

पायऱ्यांच्या बाजूला दहा-बारा विती लांबीचा उतार झाला. आखूड आणि खडा. सायकलींची रांगही हलवावी लागली नाही, म्हणून सगळे खूश. सिमेंट वाळल्यावर माझ्यावर दोनशे पुस्तके रचली आणि शिपाईकाकांनी मला वर चढवले. मी एकही पुस्तक पाडले नाही. टाळ्या झाल्या. शिपाईकाका कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकलेलेच होते, ते कुणी पाहिले नाही. मीही नाही. मी टाळ्या ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर सुयांची जुनी डबी. त्यांनी उताराकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. मग मला पाहिले. मी दारात उभी होते, शाबासकीची वाट बघत.

सून म्हणाली, "मी ढकलते, आई."

"नको. हात सोड."

त्यांनी चाके धरली आणि जोर लावला. एक हात, दोन हात, तीन. निम्म्यावर आल्या आणि हातांतला जोर संपला. चाके थांबली. मग हळूच मागे सरली. मग हळूच नव्हे. सूनबाईंनी धावत येऊन पाठ लावली म्हणून बरे. सुयांची डबी पडली आणि सुया उतारावरून घरंगळत खाली गेल्या. पाऊल ठेवताही येईना असे झाले.

साहेबांचा चेहरा उतरला. "आम्ही मागून ढकलू ना, मावशी. त्यात काय एवढं?"

"मग पायऱ्या काय वाईट होत्या?" मावशी म्हणाल्या. श्वास खाली बसेपर्यंत थांबल्या. "साहेब, माप कुणाचं घेतलंत?"

साहेब भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडे बघू लागले. पण शिपाईकाकांची नजर माझ्याकडे गेली आणि मावशींना कळले. त्या रागावल्या असत्या तर परवडले असते. त्या हसल्या. "गाडीचं? अहो, गाडीला कुठं हात असतात? तिला मागून काका असतात."

सुनेने एकेक सुई वेचली. मोजून डबीत ठेवली. दोघी गेल्या.

त्या दिवसापासून माझे चाक बोलेनासे झाले. मला जिन्याखाली ढकलून ठेवले. कुणी मुद्दाम शिक्षा केली नाही, पण मला बघितले की साहेबांना तो दिवस आठवत असावा. माझ्यावर धूळ बसली, कुणी जुनी छत्री टांगली, कुणी रिकाम्या कुंड्या ठेवल्या. बाहेरच्या उतारावर लोक सायकली टेकवू लागले. वर्ष सरत चालले होते. जादा खुर्च्या आल्याही होत्या. त्या एकावर एक चढून मागच्या खोलीच्या दाराशी वाट बघत होत्या. मी जिन्याखाली एकच विचार करीत असे. मी दार म्हणून जन्मले नि मावशींच्या वाटेत आडवी आले.

कोंडी फोडली शिपाईकाकांनी. फार बोलणारा माणूस नव्हे तो. एक दिवस साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "साहेब, एक सांगू? ती गाडी चढली नव्हती. मी चढलो होतो. चार दिवस कंबर धरली होती माझी. मावशींना कंबर कुठून आणायची?"

साहेबांनी हातातले पेन खाली ठेवले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा टाळ्या चालल्या होत्या."

त्याच दिवशी साहेबांनी मावशींना निरोप पाठवला. निरोप साधाच होता. 'चुकलो. या वेळी माप तुमचे. घ्यायला तुम्हीच या.'

मावशी आल्या. गवंडीही आला, पण या वेळी खडू त्याच्या हातात नव्हता. मावशींच्या हातात मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ होते. अंगणात लाकडी फळ्या टाकून कच्चा उतार केला. फळ्यांना खालून आधार हवा होता, म्हणून मला जिन्याखालून बाहेर काढले, चाकांना विटा लावल्या आणि फळीचे वरचे टोक जमिनीपासून वीतभर उंच असलेल्या माझ्या खालच्या फळीवर टेकवले. मावशी चढून बघत. "अजून खडा आहे. लांबवा." गवंडी फळी मागे ओढी. पुन्हा चढत. "अजून. घाईनं टाका ओढला की कागद फाटतो, मिस्त्री. हातांचंही तसंच." शेवटी एका वेळी त्या सरळ वर आल्या आणि माझ्या दांड्याला हात टेकवून म्हणाल्या, "हं. हा टाका बसला." तेवढ्याच उंचीला फळी किती लांब, ते त्यांनी दोऱ्याने मोजले आणि दोऱ्याला गाठ मारली.

गवंड्याने हिशेब केला. "मावशी, एक वीत चढायला बारा विती लागतायत तुम्हाला. पाच पायऱ्यांच्या मिळून चार विती होतात. म्हणजे बारचोक अठ्ठेचाळीस. एवढं लांब सरळ जायचं तर गेटाबाहेर जाईल उतार."

"मग वळवा. मध्ये सपाट जागा ठेवा. तिथं मी दम खाईन, येणाऱ्या-जाणाऱ्याला चार नावं ठेवीन, मग पुढं जाईन."

"वळवायचं तर सायकली हलवाव्या लागतील. आणि साहेबांची स्कूटर."

साहेब म्हणाले, "स्कूटर कुठे लावू मी?"

सून पटकन म्हणाली, "रस्त्याच्या पलीकडे. तिला चाकं आहेत, साहेब, आणि तुम्हाला पाय."

साहेबच आधी हसले.

जुना उतार फोडला तेव्हा मी आतून आवाज ऐकत होते. माझेच काही फुटते आहे असे वाटले आणि बरे वाटले. नवा उतार लांब, संथ, मध्ये वळण घेणारा झाला. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. मागच्या खोलीतल्या टेबलाच्या पायांखाली विटा देऊन ते उंच केले, खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे आत जावेत म्हणून.

काल सकाळी मावशी आल्या. वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते. या वेळी कुणी टाळ्यांसाठी जमले नव्हते. मावशींनीच सांगितले होते, "कुणी रांगेत उभं राहू नका. मी कामाला येतेय, मिरवायला नाही." सून गेटाबाहेरच थांबली होती. हात पाठीमागे घट्ट धरले होते तिने, कारण ते आपोआप पुढे येत होते.

मी दाराच्या आतून बघत होते. एक हात, दोन हात, तीन. असे करत करत निम्म्यावर आल्या. माझी एकेक फळी आक्रसली. पण चाके मागे सरली नाहीत. वळणावरच्या सपाट जागेत त्या थांबल्या, कपाळ पुसले, खाली सुनेकडे बघून म्हणाल्या, "चहा टाकायला जा आता. इथं उभी राहून उतार लांब होणार नाही." मग उरलेला अर्धा चढल्या. शांतपणे, जणू रोजच येतात.

आणि दारापाशी थांबल्या. कारण दारात मी होते. शिपाईकाकांनी त्या सकाळी मला धुऊन पुसून आणले होते आणि घाईत उंबऱ्याच्या आत आडवी ठेवून ते आत गेले होते. मित्रांनो, अठ्ठेचाळीस विती पार करून आलेल्या बाईच्या वाटेत पुन्हा मीच. मला हात नाहीत, मला बाजूला होता येत नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मग पुढे झाल्या, माझा दांडा धरला आणि म्हणाल्या, "अगं, तूच का? चल, तुला काका नको नि मला काका नको. आपण दोघी जाऊ."

त्यांनी मला ढकलले. एक धक्का मला, एक आपल्या चाकांना. वर्षभर मुके झालेले माझे डावे चाक कुरकुरले. इतक्या मोठ्याने, की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

"जाग्या झाल्या सासूबाई," मावशी म्हणाल्या. आणि कपाटांच्या मधून जाता जाता, डाव्या बाजूच्या तिसऱ्या कपाटापाशी पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत, त्या गुणगुणू लागल्या. सूर जुनाच, बोल नवे.

*एक चाक माझं बाई, एक चाक तुझं,*
*दारातून आत जाऊ, कुणा नाही ओझं.*

मागच्या खोलीत झाडांचे पुस्तक तसेच होते. मावशींनी दहाव्या घडीतली सुई ओढली तर जुना दोरा तुटला. त्या म्हणाल्या, "कुजलास होय? मी नाही कुजले." नवा दोरा ओवला. दुपारपर्यंत उरलेल्या घड्या शिवल्या, पाठ बसवली, रात्रभर दाबाखाली ठेवले. शिपाईकाकांनी जादा खुर्च्या खोलीच्या दारापासून उचलल्या आणि त्यांना चिडवत म्हणाले, "तुमच्यापेक्षा एक खुर्ची पुढे निघाली." आज सकाळी ते पुस्तक मावशींनी माझ्या वरच्या फळीवर ठेवले, चाकाला दोन थेंब तेल घातले आणि म्हणाल्या, "हे घरी पोचव."

तेच पुस्तक घेऊन मी आत्ता इथे उभी आहे. नव्या उतारावरून सकाळपासून काठीवाले एक आजोबा आले, बाळाची गाडी ढकलत एक आई आली. दोघेही आपले आपण. कुणी त्यांच्याकडे थांबून बघितले नाही, हेच मला सगळ्यात गोड वाटले.

तेव्हा मित्रांनो, या जुन्या लाकडाचे एवढे ऐका. कुणासाठी वाट बांधाल तेव्हा माप त्याचेच घ्या. टाळ्या वाजवण्याआधी त्याला एकदा चढून बघू द्या. उतारावर सायकल टेकवू नका, अगदी पाच मिनिटांपुरतीही नाही. आणि मी कधी दारात आडवी दिसले, तर मला हात नाहीत हे लक्षात ठेवून जरा बाजूला करा. मी मूळची दार आहे. कुणासाठी तरी उघडले, की मला बरे वाटते.